अनुताई वाघ

अनुताई बालकृष्ण वाघ (जन्म : १७ मार्च १९१०, मोरगाव, पुणे जिल्हा; मृत्यू : २७ सप्टेंबर १९९२) या मराठी शिक्षणतज्ज्ञ, समाजसेविका व लेखिका होत्या. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे गेल्या आणि पुढील सत्तेचाळीस वर्षे त्यांनी बोर्डी, कोसबाड व दाभोण परिसरातील आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी काम केले. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी हे या कामातून उभे राहिलेले प्रयोग भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. आदिवासी मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात, पाड्यावर आणि कुरणात जावे, तसेच त्याच्या परिसरातील वस्तू, कामे, गाणी व बोली यांनाच शिक्षणाचे साधन करावे, हे या प्रयोगांचे मुख्य सूत्र होते. भारत सरकारने त्यांना १९८५ साली पद्मश्री हा सन्मान दिला.

बालपण आणि वैधव्य

अनुताईंचा जन्म पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील मोरगाव या गावी झाला. अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे स्थान म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. त्या काळातील रूढीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. मात्र विवाहानंतर सुमारे सहा महिन्यांतच, संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच, त्यांना वैधव्य आले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ग्रामीण भागातील बालविधवेपुढे फारसे मार्ग नसत. स्वयंपाकघर, सोवळे आणि नातेवाइकांच्या मुलांचा सांभाळ यांतच बहुतेकींचे आयुष्य सरत असे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी सुरू केलेल्या आश्रमामुळे आणि पुण्यातील स्त्रीशिक्षणाच्या चळवळीमुळे शिक्षिकेचा व्यवसाय हा अशा स्त्रियांसाठी प्रतिष्ठेचा मार्ग ठरू लागला होता. अनुताईंनी हाच मार्ग धरला. पुनर्विवाह न करता त्यांनी शिक्षण चालू ठेवले.

शिक्षण आणि सुरुवातीचे अध्यापन

व्हर्नाक्युलर फायनल ही त्या काळातील मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर अनुताईंनी पुण्यातील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. ते १९२९ साली पूर्ण झाले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील चांदोरी या गावी त्यांनी शिक्षिका म्हणून नोकरी केली. गोदाकाठच्या या गावातील वास्तव्यात त्यांना ग्रामीण शाळेचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. एकट्या, तरुण, विधवा शिक्षिकेकडे खेडे कोणत्या नजरेने पाहते, याचाही परिचय त्यांना तेथे झाला.

१९३३ साली त्या पुण्यातील हुजूरपागा या मुलींच्या नामवंत शाळेत रुजू झाल्या. तेथे त्यांनी अकरा-बारा वर्षे अध्यापन केले. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असा क्रम ठेवून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवी मात्र त्यांना बऱ्याच नंतर, १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळाली. तोपर्यंत आदिवासी भागातील त्यांच्या कामाला सोळा वर्षे झाली होती. अभ्यासक्रमाची पायरी ओलांडण्यासाठी स्वतःला किती काळ थांबावे लागले, याचा हा अनुभव त्यांच्या पुढील कामाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. शाळेच्या ठरावीक वेळापत्रकात न बसणारे मूल म्हणजे न शिकणारे मूल, असे त्यांनी कधी मानले नाही.

ताराबाई मोडक यांची भेट

कस्तुरबा गांधी यांचे फेब्रुवारी १९४४ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ग्रामीण स्त्रिया व बालके यांच्यासाठी काम करणारा राष्ट्रीय स्मारक निधी उभारण्यात आला. या निधीच्या वतीने १९४५ साली मुंबईजवळ बोरिवली येथे ग्रामसेविकांचे प्रशिक्षण शिबिर भरले. हुजूरपागेतील नोकरी सोडून अनुताई या शिबिरात दाखल झाल्या. तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली.

ताराबाई (१८९२–१९७३) या त्या वेळी बालशिक्षणाच्या क्षेत्रातील मान्यवर कार्यकर्त्या होत्या. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर आधारलेल्या बालमंदिराचे काम केले होते. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख आधारस्तंभ होत्या. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. परंतु या सर्व कामाचा लाभ प्रामुख्याने शहरातील मध्यमवर्गीय मुलांना मिळत होता. बालशिक्षण ही सुखवस्तू घरांची चैन न राहता खेड्यातील गरीब मुलांपर्यंत कशी पोहोचेल, या विचाराने ताराबाई ग्रामीण भागात जाण्याचा निर्णय घेत होत्या. त्यांच्याबरोबर राहून प्रत्यक्ष काम उचलणारी सहकारी त्यांना हवी होती. अनुताईंनी ही जबाबदारी स्वीकारली. वयाने अठरा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताराबाईंना त्या अखेरपर्यंत गुरुस्थानी मानत राहिल्या.

बोर्डी : परिसर आणि काळ

बोर्डी हे अरबी समुद्राच्या काठावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले गाव आहे. चिकू आणि नारळाच्या बागा, पारशी व इराणी बागायतदारांची वस्ती आणि आचार्य शंकरराव भिसे व आचार्य चित्रे यांच्या प्रयत्नांनी नावारूपाला आलेली शाळा यांमुळे गाव शिक्षणप्रेमी म्हणून ओळखले जाई. गावाच्या पूर्वेला डोंगराकडे मात्र वेगळे जग होते. वारली, दुबळा, धोडी, कोकणा, कातकरी, कोळी मल्हार अशा आदिवासी जमातींचे पाडे तेथे विखुरलेले होते.

या जमातींची स्थिती अत्यंत हलाखीची होती. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. विनामोबदला वेठ करावी लागे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही धनकोच्या घरी वर्षानुवर्षे राबत; अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ज्या वर्षी अनुताई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांनी पुढे जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहिली.

याच अशांत काळात, १९४५ च्या अखेरीस, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. वारल्यांचा लढा आणि बालवाडीचे काम यांचे मार्ग वेगळे होते. एकात वेठ आणि जमिनीचा प्रश्न अग्रभागी होता, तर दुसऱ्यात मूल आणि शाळा. मात्र ज्यांच्यासाठी ही दोन्ही कामे चालली होती, ते कुटुंब एकच होते. पिढ्यान्पिढ्या फसवणूक अनुभवलेल्या या कुटुंबाला पांढऱ्या कपड्यातील कोणत्याही शिकलेल्या माणसाविषयी संशय वाटणे स्वाभाविक होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय अनुताईंपुढील अडचण समजत नाही.

बालवाडीकडून अंगणवाडीकडे

बोर्डीत प्रथम गावाच्या मध्यभागी बालवाडी काढण्यात आली. गावातील मुले तेथे येऊ लागली. पण ज्यांच्यासाठी मुख्यतः हा खटाटोप होता, ती दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले आली नाहीत. त्यांना बोलावण्यास गेलेल्या शिक्षिकांना पाहून मुले पळून जात. आईबाप पहाटेच कामावर गेलेले असत. मोठे मूल धाकट्याला सांभाळत बसलेले असे. शाळेत जाण्याजोगे कपडे नसत आणि गावातील मुलांच्या शेजारी बसण्याचे धैर्यही नसे.

यावर उपाय म्हणून शाळाच वस्तीत नेण्याचे ठरले. एखाद्या घराचे सारवलेले अंगण किंवा झाडाची सावली पाहून तेथे दररोज ठरावीक वेळी वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी होय. शिक्षिका सोबत थोडे साहित्य घेऊन जात. पहिला कार्यक्रम शरीरस्वच्छतेचा असे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे ही कामे शिक्षिका स्वतः करीत. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ, चित्रे आणि मोजणी यांचा क्रम येई.

अंगणात वर्ग भरल्याचा एक परिणाम असा झाला की शिक्षण झाकलेले राहिले नाही. धान्य पाखडणारी आजी, तान्ह्याला घेऊन बसलेली आई, कामावरून परतलेला बाप हे सगळे ते पाहू लागले. आपल्या मुलाला कोणी मारत नाही, पळवून नेत नाही, उलट त्याला न्हाऊमाखू घालते, हे पाहून अविश्वास हळूहळू कमी झाला. पालकांचे शिक्षण वेगळे न करता ते मुलांच्या शिक्षणाबरोबरच घडू लागले.

साहित्याच्या बाबतीतही असाच बदल झाला. माँटेसरी पद्धतीतील लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगीत पट्ट्या इत्यादी साधने महाग असत आणि मोडल्यास खेड्यात दुरुस्त होत नसत. त्यांच्या जागी समुद्रकाठचे शिंपले, ओढ्यातील खडे, झाडांच्या बिया, पाने, फुले, माती, काड्या यांचा उपयोग सुरू झाला. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शिकवण्यासाठी या वस्तू तितक्याच उपयोगी होत्या. शिवाय त्या मुलांच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. कोणते झाड केव्हा फुलते, कोणत्या बीचे तेल निघते, कोणते पान खाता येते, याची माहिती शिक्षिकेपेक्षा मुलांनाच अधिक असे. त्यामुळे वर्गातील नाते बदलले. ज्या मुलाला अज्ञानी समजून शिकवण्यास सुरुवात झाली होती, ते मूल काही बाबतींत शिक्षिकेला सांगू लागले.

कोसबाड आणि विकासवाडी

बोर्डीपासून काही किलोमीटर आत असलेल्या कोसबाड या टेकडीवर १९५७ साली हे काम हलवण्यात आले. बोर्डी हे मिश्र वस्तीचे गाव होते. कोसबाडच्या आसपास मात्र बहुतांश वस्ती आदिवासींची होती. टेकडीवरून खाली उतरणाऱ्या पायवाटांनी वेगवेगळ्या पाड्यांवर जाता येई.

कोसबाड येथे विकासवाडी ही कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तीन वेगवेगळी घरे न मानता ती एकाच आवारात, एकमेकांशी जोडलेली असावीत, असा हा प्रयोग होता. त्यामागील कारण व्यवहारातले होते. आदिवासी घरात सात-आठ वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी असते. धाकट्याची सोय झाल्याशिवाय ती शाळेत येऊ शकत नाही. पाळणाघरामुळे तिला भावंडासह येता येऊ लागले. बालवाडीतील मूल शेजारच्या पहिलीच्या वर्गात डोकावत असल्यामुळे शाळेची भीती राहिली नाही. मोठ्या मुलींना धाकट्यांच्या संगोपनाचे शास्त्रीय शिक्षण आपोआप मिळू लागले.

बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचेही कोसबाड हे केंद्र बनले. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्त्रियांना तेथे कमी खर्चात, स्थानिक साहित्यावर बालवाडी चालवण्याचे शिक्षण दिले जाई. स्थानिक आदिवासी तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करण्यावरही भर होता.

कुरणशाळा

सहा-सात वर्षांनंतर आदिवासी मुलांची गळती मोठ्या प्रमाणावर होते, असे लवकरच लक्षात आले. त्याचे मुख्य कारण गुरे होती. स्वतःची किंवा बागायतदाराची गुरे चारण्यासाठी मुले सकाळी बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत. त्यातून त्यांना जेवण किंवा थोडी मजुरी मिळे. घराच्या दृष्टीने ही कमाई शाळेपेक्षा निकडीची होती. मुलांना गुरे सोडून शाळेत येण्याचा उपदेश करणे निरुपयोगी ठरले.

तेव्हा गुरे जेथे चरतात तेथेच शाळा भरवण्याचा प्रयोग करण्यात आला. गुरे चरत असताना एखाद्या झाडाखाली शिक्षक आणि मुले जमत. काही मुले आळीपाळीने गुरांवर लक्ष ठेवीत. गवताचे प्रकार, पक्षी, ढग, दिशा, सावली, ओढ्याचा उतार, गुरांची संख्या व आजार हेच धड्यांचे विषय होते. गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांची पुस्तकातील विभागणी तेथे टिकत नसे. याशिवाय दिवसभर कामावर असणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले जात. कुरणशाळेची हकिकत अनुताईंनी पुस्तकरूपानेही मांडली.

आदिवासी संस्कृती आणि परिसर अभ्यास

प्राथमिक शाळेत सामाजिक शास्त्रांची सुरुवात परिसर अभ्यासाने होते. माझे घर, माझे गाव, माझा जिल्हा अशा क्रमाने मूल आपल्या भोवतालाकडून दूरच्या जगाकडे जावे, अशी त्यामागील कल्पना आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील घर, गाव, सण आणि व्यवसाय हे बहुधा सपाटीवरील शेतकरी गावाचे किंवा शहराचे असतात. वारली मुलाला त्यात आपले कुडाचे घर, आपले देव आणि आपली कामे सापडत नाहीत. त्यामुळे त्याच्या शिक्षणाचा पहिला धडाच परका ठरतो. कोसबाडच्या प्रयोगांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते.

वारली समाजाचे वर्ष पाऊस आणि भात यांभोवती फिरते. पावसापूर्वी राब भाजणे, मग पेरणी, लावणी, कापणी आणि मळणी अशी कामे येतात. धान्याची देवता कणसरी, वनातील वाघदेव, हिरवादेव, विवाहप्रसंगी पूजली जाणारी पालघाट देवी ही त्यांची श्रद्धास्थाने आहेत. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून बनवलेल्या तारप्याच्या सुरावर स्त्री-पुरुष फेर धरून नाचतात. लग्नाच्या वेळी सुवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि धवलेरी ही स्त्री-पुरोहित विवाहगीते गाते. ही भित्तिचित्रे १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून बाहेरच्या जगापुढे आली आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकला सर्वत्र पोहोचली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ही कला कलादालनांत पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून कोसबाडच्या मुलांच्या घरच्या भिंतींवर होती.

मुलाच्या परिसरालाच शिक्षणाचे साधन मानल्यामुळे या जगाला कोसबाडच्या शाळेत प्रवेश मिळाला. मुलांच्या ओळखीच्या चालींवर गाणी रचणे, फेराच्या नाचाला वर्गातील हालचालींत स्थान देणे, शेतीच्या हंगामाप्रमाणे शाळेच्या वेळा बदलणे, सण-जत्रांच्या दिवसांत मुले अनुपस्थित राहतात म्हणून त्यांना दोष न देता त्या प्रसंगांनाच बोलण्या-लिहिण्याचा विषय करणे, या गोष्टी अशा शिक्षणात सहज येतात. त्यांतून दोन हेतू साधतात. मुलाला शाळा आपली वाटते आणि आपल्या आई-आजीला जे ठाऊक आहे ते लज्जास्पद नसून ज्ञान आहे, हे त्याच्या मनावर ठसते. आदिवासी संस्कृती हा वर्षातून एकदा, वेशभूषा करून साजरा करण्याचा विषय न राहता रोजच्या अध्यापनाचा पाया होऊ शकतो, हे या कामाने दाखवले.

बोलीचा प्रश्न

वारली बोली मराठीच्या जवळची असली, तरी गुजरातच्या सीमेमुळे तिच्यावर गुजरातीचाही प्रभाव आहे. प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक तिच्या बोलणाऱ्या मुलाला अर्धवटच कळते. पहिलीत आलेल्या मुलाला शिक्षकाचा प्रश्न समजत नाही आणि उत्तर ठाऊक असूनही ते पुस्तकी शब्दांत सांगता येत नाही. मग असे मूल मंद ठरवले जाते. बालवाडीच्या वयात मुलाशी त्याच्याच बोलीत बोलावे, त्याच्या शब्दांना हसू नये किंवा लगेच दुरुस्त करू नये आणि प्रमाण भाषेकडे त्याला हळूहळू न्यावे, ही भूमिका आदिवासी भागातील बालशिक्षणात महत्त्वाची ठरली. स्थानिक शिक्षिका तयार करण्यामागेही हे एक कारण होते, कारण पाड्यावरील मुलीला ती बोली शिकावी लागत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५, शिक्षण हक्क कायदा २००९ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यांनी प्रारंभीच्या शिक्षणात मुलाच्या घरच्या भाषेला महत्त्व दिले आहे.

मर्यादा

कोसबाडच्या कामाचे मूल्यमापन करताना काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. हे काम सुरू झाले तेव्हाची समाजसेवेची भाषा सुधारणेची होती. आदिवासींना स्वच्छता, नियमितपणा आणि व्यसनमुक्ती शिकवून मुख्य प्रवाहात आणायचे, असा तिचा सूर असे. प्रवाह कोणाचा आणि तो मुख्य कोणी ठरवला, हा प्रश्न आदिवासी समाजातील शिकलेल्या पिढीने पुढे विचारला. अंगणात जाऊन मुलाला न्हाऊ घालणाऱ्या शिक्षिकेच्या वात्सल्याबरोबर या दृष्टिकोनाचाही विचार करावा लागतो.

दुसरी मर्यादा वयोगटाची आहे. बालवाडी आणि प्राथमिक शाळेत मुलाचा भोवताल येतो. पण इतिहास हा विषय त्याच्या पुढचा आहे. माध्यमिक वर्गात गेलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला राजघराणी व लढाया शिकाव्या लागतात. त्या मानाने १८४८ साली ठाणे येथे फाशी गेलेले राघोजी भांगरे, १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातील हुतात्मा नाग्या कातकरी किंवा १९४५ चा वारल्यांचा उठाव यांना मिळणारी जागा थोडी असते. स्वतःच्या आजोबांनी वेठ नाकारली, ही घटना घरी ऐकायची आणि शाळेत तिचा उल्लेख सापडत नाही, असा अनुभव मुलाला येऊ शकतो. परिसरापासून सुरू झालेले शिक्षण इतिहासापर्यंत नेण्याचे काम त्यामुळे पुढील पिढ्यांवर राहिले.

तिसरी मर्यादा गरिबीची आहे. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, गवतकापणी आणि बांधकामे यांसाठी स्थलांतर करतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. अंगणात भरणारी शाळादेखील रिकाम्या अंगणात भरू शकत नाही.

उत्तरायुष्य

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई मोडक यांचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडच्या संस्थेची संपूर्ण धुरा अनुताईंकडे आली. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशातील ३३ ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या योजनेतील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या पाड्यावर रूढ झालेला शब्द अशा रीतीने देशभरातील खेड्यांत पोहोचला. मात्र सरकारी योजनेत पोषण आणि लसीकरण यांवर स्वाभाविकपणे अधिक भर राहिला आणि बोर्डीच्या प्रयोगातील शैक्षणिक अंग अनेक ठिकाणी मागे पडले.

वयाच्या सत्तरीनंतरही अनुताईंनी नवे काम हाती घेतले. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल या संस्थेची स्थापना केली. कोसबाडहून अधिक दुर्गम अशा डहाणू तालुक्यातील दाभोण आणि ऐने परिसरात या संस्थेचे काम सुरू झाले. चालू कामाचा व्याप व मान्यता लाभलेली असताना पुन्हा जंगलातील पाड्यापासून आरंभ करणे, हे त्यांच्या स्वभावाला धरून होते. मूकबधिर मुलांच्या शिक्षणासाठी आणि ठाणे जिल्ह्यातील स्त्रियांच्या जागृतीसाठीही त्यांनी काम केले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

लेखन

ताराबाईंबरोबर शिक्षणपत्रिका या मासिकाच्या संपादनात अनुताईंचा सहभाग होता. बालवाडी शिक्षिकांसाठी त्यांनी सोप्या भाषेत मार्गदर्शनपर लेखन केले. बालवाडी कशी चालवावी हे त्यांपैकी एक पुस्तक होय. कुरणशाळा या पुस्तकात त्या प्रयोगाची माहिती आहे. कोसबाडच्या टेकडीवरून आणि दाभोणच्या जंगलातून ही त्यांची अनुभवकथनपर पुस्तके मराठी वाचकांना विशेष परिचित आहेत. त्यांचे लेखन साधे, प्रसंगांवर आधारलेले आणि अपयश न लपवणारे आहे. बालशिक्षणाच्या अभ्यासकांप्रमाणेच विसाव्या शतकातील आदिवासी जीवनाच्या अभ्यासकांनाही ते उपयोगी पडते.

पुरस्कार

शिक्षण व समाजकार्यासाठी अनुताईंना अनेक पुरस्कार मिळाले. त्यांत १९८५ सालची पद्मश्री आणि त्याच वर्षी मिळालेला जमनालाल बजाज पुरस्कार हे प्रमुख होत. याआधी ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला होता.

वारसा

आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रात पुढे मुख्यतः निवासी आश्रमशाळांचे जाळे उभे राहिले. आश्रमशाळेमुळे दुर्गम भागातील मुलांना निवास, भोजन आणि सलग शिक्षण यांची सोय झाली. मात्र त्यासाठी मुलाला घर, बोली आणि पाडा सोडून जावे लागते. कोसबाडचा मार्ग याच्या उलट दिशेचा होता. मुलाला घरापासून न तोडता शिकवणे शक्य आहे, हे त्यातून दिसले. जगातील इतर आदिम समाजांच्या शिक्षणातही हाच प्रश्न पुढे आला आहे. ग्राममंगल स्थापन झाली त्याच वर्षी, १९८२ मध्ये, न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतून चालणाऱ्या बालशाळांची चळवळ सुरू झाली. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर नेणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली, या शाळांचा इतिहास व मूळ रहिवाशांचे योगदान सर्व मुलांना शिकवावे, अशी शिफारस केली.

महाराष्ट्रात तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हानिहाय काढण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यामुळे स्थानिक माहितीला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली. आदिवासी जीवनाच्या अभ्यासासाठी १९६२ साली पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली असून तिचे संग्रहालयही आहे. परंतु पुस्तक आणि संग्रहालय यांच्याइतकीच गरज वर्गातील शिक्षकाच्या दृष्टीची असते. अनुताईंच्या जन्मजिल्ह्याच्या पश्चिमेला भोर, वेल्हे, मुळशी आणि मावळ या डोंगरी तालुक्यांतही कातकरी, महादेव कोळी व ठाकर यांच्या वस्त्या आहेत. तेथील वर्गात बसलेल्या कातकरी मुलाला मासे धरण्याची किती तंत्रे आणि रानातील किती कंद ठाऊक आहेत, हे विचारणारा शिक्षक त्याला भेटतो की नाही, यावर त्याचे शाळेतील भवितव्य बरेचसे अवलंबून असते. अनुताईंनी सत्तेचाळीस वर्षे केलेल्या कामाचा उपयोग त्यामुळे एका जिल्ह्यापुरता किंवा एका जमातीपुरता मर्यादित राहत नाही.